रक्ताच्या डब्यात तुळशीचं पान

काशीला निघाले तेव्हा गल्लीतल्या तिघींनी गंगाजल आणायला बाटल्या दिल्या. चौथीने विचारलं, "कोणाच्या अस्थी नेतेयस गं?" मी म्हटलं, "अस्थी नाहीत काकी, रक्त आणायला चाललेय." तिने पुढे केलेली बाटली परत घेतली.

पण मी खरं तेच सांगितलं होतं. पुण्यातल्या एका संशोधन प्रकल्पात मी साहाय्यक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सारखं सांगते असं मैत्रिणी म्हणतात. सांगते. ज्यांच्या भिंतीवर आजोबांच्याही पदव्या टांगल्यात त्यांनी नाही सांगितलं तरी चालतं. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, पाटे-वरवंटे घडवतात आणि आठवडी बाजारात विकतात. आम्ही वडार. दगड फोडून, घडवून जगलेली माणसं. दादांच्या टाकीच्या आवाजात मी एम.एस्सी.चा अभ्यास केला. अजूनही ठकठक ऐकू आली की माझं डोकं जरा जास्त चालतं.

आमच्या प्रकल्पाचा विषय ब्लडप्रेशरवाल्यांच्या प्लेटलेटचा. निघायच्या आदल्या दिवशी दादांना समजावून सांगितलं.

"दादा, दगडी भिंत बांधताना मोठ्या दगडांमधल्या फटीत आपण काय भरतो?"

"चिपा."

"रक्तातल्या चिपा म्हणजे प्लेटलेट. कुठं फट पडली, जखम झाली, की धावत जाऊन बसतात. रक्त थांबतं. पण ब्लडप्रेशर असलेल्यांच्यात या चिपा बऱ्याचदा थोड्या मोठ्या आणि जास्त चिकट दिसतात. मग नसत्या जागी बसून रस्ता बंद करायचा धोका. आता ही चीप मोठी होते ती दाबामुळे, खाण्यामुळे, की आईबापाकडून आलेल्या गुणसूत्रांमुळे? ते शोधायचंय."

"मग काशीला कशाला?"

"तिथं पिढ्यान्पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. मूळ इकडचं, पाणी तिकडचं. दोन्हीकडचं रक्त ताडून बघायचं."

दादा म्हणाले, "जा. पण चीप मोठी झाली की ती चीप राहत नाही, दगडच होतो. एवढं ध्यानात ठेव." तेव्हा मी हसले होते. चार दिवसांनी हे वाक्य माझ्या कामाला येणार होतं.

(काशीत मी ज्यांच्या घरी उतरले, त्या अण्णा, काकू आणि त्यांची नात मुक्ता यांची नावं मी बदलली आहेत. लिहायची परवानगी मात्र तिघांकडून घेतली आहे. काकूंची अट होती, "फ्रिजचं लिहिशील तर पूर्ण लिही, अर्धं नको.")

दूधविनायक

वैशाखातली काशी. सकाळी आठलाच ऊन असं, की घाटाचे दगड अनवाणी पायाला नको वाटतात. रिक्षा चौकात थांबली आणि पुढे गल्ली सुरू झाली. गल्ली म्हणजे किती? समोरून गाय आली तर दोघींपैकी एकीने माघार घ्यायची. मीच घेतली. एका कचोरीवाल्याला दूधविनायक मोहल्ला विचारला तर त्याने आधी कचोरी आणि जिलबी हातात दिली, मग रस्ता सांगितला. आमच्याकडे सकाळी पोहे, त्यांच्याकडे सकाळी जिलबी. गरम भाजीबरोबर जिलबी खायची हे माझ्या जिभेला पहिल्यांदा पटलं नाही. चौथ्या दिवशी मी दोन मागितल्या.

अण्णांचं घर एका खोलीएवढं रुंद आणि तीन मजले उंच, जिना शिडीसारखा सरळ. दारात काकू उभ्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, बारीक, आवाज खणखणीत.

"ये ये. रिक्षावाला जास्ती पैसे तर नाही घेतला? आधी हातपाय धुऊन घे, मग आराम कर. घरी कोण कोण असतं तुझ्या?"

या प्रश्नाच्या मागे काय असतं ते मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून मी सगळं एका दमात सांगून टाकलं. आई, दोन भाऊ, वडील पाटे-वरवंटे घडवतात, जात वडार, मी घरातली पहिली पदवीधर. काकूंनी पूर्ण ऐकलं.

"ते झालं. भात वाढू की पोळी?"

माझा पेला मात्र त्यांनी वेगळा ठेवला. मी पाहिलं आणि जेवण झाल्यावर तोंडावर विचारलं, "काकू, माझा पेला वेगळा का?"

"तुझाच नाही, सगळ्यांचा वेगळा आहे. अण्णांनासुद्धा मी माझ्या पाण्याला शिवू देत नाही."

"मला तर सैंपाकघरात एंट्रीच नाही दीदी," काकूंची नात मुक्ता म्हणाली. एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. वाक्य मराठीत सुरू करायची आणि संपेपर्यंत हिंदीत पोहोचायची. "मी लसूणवाली मॅगी खाते ना, तो मैं परमनंट बाहर."

तर काकूंच्या सोवळ्यासमोर आम्ही सगळेच सारखे होतो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

अण्णा पुढच्या खोलीत पाटावर बसले होते. सत्तरीचे, ताठ, पण उजवा हात सतत जांघेशी दाबून धरलेला. त्यांना हर्निया होता आणि धोतराच्या आतून आवळपट्टा बांधलेला असायचा. अण्णा वेदपाठी. आयुष्यभर त्यांनी मुलांना संथा दिली, म्हणजे गुरुजींनी एकदा म्हणायचं आणि मुलांनी मागून दोनदा म्हणायचं. गल्ली त्यांच्या आवाजाने जागी व्हायची, असं शेजारी सांगतात. पण वेद म्हणायला लागतो पोटातून जोर आणि तोच डॉक्टरांनी बंद केला होता.

"मग ऑपरेशन का नाही केलं अण्णा? हर्नियाचं तर सगळेच करतात."

"करणार होतो. भरतीसुद्धा झालो. रक्त तपासलं तर म्हणाले प्लेटलेट फार कमी, कापलं तर रक्त थांबणार नाही. दुसऱ्या इस्पितळात गेलो, तिथेही तेच. तिसरा म्हणाला हाडात सुई घालून बघू. मी धोतर सावरून घरी आलो."

"आणि विद्यार्थी?"

"दुसऱ्या गुरुजींकडे गेले. जाणारच. पाठ माझ्या मनात चालतो. मनातल्या पाठाला विद्यार्थी कसे येणार?" बोलताना त्यांची बोटं गुडघ्यावर वरखाली होत होती. तिथे स्वर चालले होते, आवाज सोडून.

चौथाई

दुसऱ्या दिवशी अण्णांच्याच पुढच्या खोलीत मी दुकान मांडलं. दाब मोजायचं यंत्र, सुया, जांभळ्या टोपणाच्या नळ्या, थर्माकोलचा डबा. गल्लीतली मराठी मंडळी एकेक करून आली. एक निवृत्त मास्तर बाही वर सारत म्हणाले, "पूर्वी पुण्याहून लोक चौथाई वसूल करायला यायचे. आता थेट रक्तच?"

"चौथाई नाही काका, दोन चमचेच."

"ते लोक पण सुरुवातीला थोडंच म्हणाले असतील."

दाब बहुतेकांचा चढलेला. खाण्याचं विचारलं तर प्रत्येक घरात लोणचं, पापड, वर आणि संध्याकाळी घाटावरची टमाटर चाट. मी मीठ कमी करायला सांगितलं की सगळे मान हलवायचे. तशीच मान माझे दादा हलवतात, त्यामुळे तिचा अर्थ मला कळतो.

अण्णा सगळ्यांत शेवटी आले. आन्हिक आटोपूनच, कारण अंगातून रक्त निघालं की त्या दिवशी मग देवाचं काही करायचं नाही, असा त्यांचा नियम. "देतो," ते म्हणाले, "पण आकडा मला सांगायचा नाही." शेवटची नळी माझ्या स्वतःच्या रक्ताची. प्रत्येक डब्यात नमुने घेणाऱ्याची एक नळी असते, म्हणजे काही गडबड झाली तर पकडता येते. मुक्ताने दंडाला पट्टी आवळली, डोळे गच्च मिटले आणि मी सुई घातली.

समोरच्या घरात तिसऱ्या मजल्यावर अण्णांच्या बहिणीला, माईआत्यांना, भेटायचं होतं. त्यांना जिना उतरवत नाही. डबा काकूंच्या हवाली केला. म्हटलं, "काकू, जपून ठेवा हं. या डब्यासाठी मी एवढ्या लांबून आलेय."

माईआत्यांकडे गप्पा, कैरीचं पन्हं, मग आग्रहाने जेवण. ब्लडप्रेशर मोजता मोजता त्यांच्या लग्नाची वरात ऐकली. खाली आले तेव्हा काकू डबा घेऊन दारातच उभ्या होत्या, झाकण घट्ट बसवून. चेहऱ्यावर असं समाधान, की मला वाटलं, बाई किती जबाबदार आहेत.

जबाबदार होत्याच.

लंकेकडची प्रयोगशाळा

लंका हा काशीचाच एक भाग. आमच्या प्रकल्पाचं तिथलं काम मिश्रा मॅडम बघतात. रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर, बोलणं तिखट, चहा गोड. ई-रिक्षातून धूळ खात पोहोचले, नळ्या यंत्राला लावल्या. पहिला आकडा आला, कमी. दुसरा आला, कमी. अण्णांचा तर इतका कमी की यंत्राने पुढे इशाऱ्याची खूण टाकली. इतका कमी आकडा असलेला माणूस घरात पाटावर बसून बोटांनी स्वर धरत होता.

मग शेवटची नळी लागली. माझी. माझ्याही प्लेटलेट नेहमीच्या निम्म्याहून खाली.

मिश्रा मॅडमनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आप खड़ी कैसे हैं? आपको तो भर्ती होना चाहिए."

"मॅम, मेरा कभी कम नहीं आया."

त्यांनी डबा ओढून घेतला, नळीला हात लावला. "ये ठंडी क्यों है?" मग दोन बोटांनी डब्याच्या तळातून काहीतरी उचललं आणि माझ्यासमोर धरलं. हिरवं, ओलसर, सुवासिक.

"और ये तुलसी का पत्ता?"

प्लेटलेटना थंडी सोसत नाही. साध्या हवेत त्या सुट्या राहतात, फ्रिजमध्ये टाकलं की अंग चोरून एकमेकींना चिकटतात. दहा जणींचा गठ्ठा झाला की यंत्र तो एक मोजतं, नाहीतर मोजतच नाही. काचपट्टीवर थेंब पसरून पाहिला, गठ्ठेच गठ्ठे. गुणसूत्रांचं काम त्या रक्तावर होणार होतं, त्यांना थंडीचं काही वाटत नाही. पण प्लेटलेटची माझी सगळी सकाळ वाया गेली होती.

मी पट्ट्या आवरायला घेतल्या तर मॅडम म्हणाल्या, "रुकिए. ये पंडितजी वाली देखिए."

अण्णांच्या पट्टीवरही गठ्ठे होते. पण गठ्ठ्याच्या बाहेर ज्या एक-दोन सुट्या प्लेटलेट होत्या, त्या भल्या मोठ्या. शेजारच्या लाल पेशीएवढ्या.

"ठंड से भी शक्ल बिगड़ती है," मॅडम म्हणाल्या. "इससे कुछ नहीं कहूँगी. ताज़ा खून लाइए. और भगवान के लिए, बिना प्रसाद के."

शिंदे घाट

"काकू, डबा कुठे ठेवला होता?"

"फ्रिजात. अजून कुठे? या उन्हात दूध फाटतं, मग रक्त नाही फाटणार? तू म्हटलीस जपून ठेवा."

मग सगळं बाहेर आलं. ज्या फ्रिजमध्ये बाजारचा ब्रेड जात नाही, त्यातून काकूंनी देवाचं दूध, लोणी, दही सगळं बाहेर काढलं. माझा डबा आत ठेवला, गारवा लागावा म्हणून झाकण उघडं. वर तुळशीचं पान. डबा निघाल्यावर फ्रिज धुतला, स्वतः डोक्यावरून पाणी घेतलं आणि दूध उन्हाने फाटलं ते निमूट मोरीत ओतलं. नैवेद्य दुपारी साखरेचा दाखवला.

मुक्ता ओरडली, "आजी! माझं चॉकलेट नाही ठेवू देत तू, आणि दीदीचं खून ठेवलं?"

"चॉकलेट काय औषधाचं काम आहे? गप बस."

मी वरच्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून बसले. रागवायचं तर कोणावर? माझी जात ऐकून भात वाढू की पोळी विचारणाऱ्या बाईने माझ्या कामासाठी तिच्या आयुष्याचा नियम मोडला होता, आणि मी तिला 'थंडीत ठेवू नका' हे साधे तीन शब्द सांगितले नव्हते. खाली आले तर काकू डोळ्याला पदर लावून बसलेल्या. मी म्हटलं, "काकू, गुणसूत्रं मात्र तुमच्यामुळे एकदम ताजी आहेत." त्यांना ते कितपत कळलं माहीत नाही, पण पदर खाली आला.

अण्णांनी मला बघून विचारलं, "आकडा आणखी खाली गेला ना?"

"तुम्हीच म्हणालात सांगायचा नाही."

"तुझ्या तोंडावर वाचला."

"तो आकडा खोटा आहे अण्णा, फ्रिजचा आहे. पुन्हा एकदा रक्त लागेल."

"नाही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, चढवता येत नव्हता. "दर वेळी रक्त देतो आणि दर वेळी जास्त आजारी होऊन उठतो. उद्या वडिलांची तिथी आहे. आता पुरे."

संध्याकाळी मुक्ता मला शिंदे घाटावर घेऊन गेली. तिथे ते पाण्यात कललेलं देऊळ आहे. सगळे त्याचे फोटो काढत होते आणि मी त्याच्या पायाकडे बघत होते. दगड उत्तम आहे, घडाई उत्तम आहे, खालची जमीन सरकलेली. दादा असते तर तासभर हलले नसते. पलीकडे एक म्हातारा सिल, म्हणजे त्यांच्याकडचा पाटा, मांडीशी घेऊन टाकी लावत होता. त्या ठकठकीशेजारी आम्ही पायरीवर बसलो.

"दीदी, अण्णा मर तो नहीं जाएँगे?" मुक्ताने अचानक विचारलं. "म्हणजे… माझेपण कमी आहेत ना."

"काय कमी?"

"प्लेटलेट. गेल्या साली बुखार आला, रिपोर्टमध्ये एकदम कमी. सगळे डेंगू-डेंगू करून भरती केले. पण डेंगू निघालाच नाही. मला काही झालंच नव्हतं. नर्ससे लूडो खेल रही थी मैं."

टाकीची ठकठक चालू होती. माझ्या डोक्यात दादांचं वाक्य उभं राहिलं. चीप मोठी झाली की ती चीप राहत नाही, दगडच होतो.

यंत्राला डोळे नसतात. ते आकार बघतं. इतक्याच्या आतली ती चीप, त्याहून मोठा तो दगड, म्हणजे लाल पेशी. अण्णांच्या चिपाच जर जन्मापासून मोठ्या असतील, तर यंत्र त्या दगडांच्या हिशोबात टाकत असणार. अशी घराणी असतात, पुस्तकात वाचलं होतं. आकड्याने आजारी, अंगाने ठणठणीत.

दिवेलागणीला घरी आल्यावर मी अण्णांसमोर जाऊन बसले. "दाढ काढली होती का कधी?"

"दोन."

"रक्त थांबलं नाही असं झालं?"

"कापूस धरला, घरी आलो, संध्याकाळी संथा दिली."

माईआत्यांना समोरच्या खिडकीतूनच ओरडून विचारलं. त्यांचीही दोन बाळंतपणं विनाकटकटीची. पण धाकट्याच्या वेळी डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून घाबरली होती, एवढं त्यांना आठवत होतं. "मी म्हटलं, तू घाबर, मला वेळ नाही!" खिडकीतून आवाज आला.

मग मी अण्णांना चिपांचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोटं हलवत राहिले.

"म्हणजे मी आजारी नाही?"

"कदाचित."

"कदाचितवर मी पुन्हा हात पुढे करू?"

"अण्णा, विद्यार्थी संथा म्हणताना चुकला, तर तुम्ही काय करता? चुकीचीच धरून घरी पाठवता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "पुन्हा म्हणायला लावतो. पहिल्यापासून."

"मग?"

"तिथीचं सगळं पार पडल्यावर. आधी नाही. आणि ही," काकूंकडे बोट करून, "डब्याच्या जवळ येणार नाही."

"मी नाही हो येत," काकू म्हणाल्या. "पण संगती येणार. तुम्हाला एकटं कोण सोडतो?"

दुसऱ्याच्या पंगतीत

तिथीच्या दिवशी घरात वड्यांचा आणि खिरीचा वास. दुपारी ब्राह्मण जेवून गेल्यावर मला पान वाढलं. आमसुलाची चटणी थेट माझ्या आईच्या हातची वाटली. शेजारी तांदळाच्या खिरीत मात्र केशर आणि वर मलाई. कोकण आणि काशी एकाच पानावर. माझी धास्ती होती ती वेळेची. पण प्लेटलेट मोजायला उपाशी असायची गरज नसते, आणि अण्णाच प्रयोगशाळेत आले तर डब्याचीही गरज नव्हती.

ई-रिक्षात आम्ही चौघं. कपाळावर गंध, एक हात पट्ट्यावर, असे अण्णा. काकूंच्या मांडीवर पाण्याचा स्वतःचा तांब्या. मिश्रा मॅडमनी नमस्कार केला, अण्णांचं रक्त गोठू न देणाऱ्या दोन वेगवेगळ्या औषधांच्या नळ्यांत घेतलं, म्हणजे नळीचा दोष राहू नये, आणि मुक्ताचंही घेतलं. यंत्राने पुन्हा कमीच आकडा दिला. मॅडम म्हणाल्या, "मशीन को बोलने दीजिए, अभी हम बोलेंगे."

पट्टी रंगवली, वाळवली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. गठ्ठा एकही नव्हता. सगळ्या सुट्या, जांभळ्या आणि केवढ्या तरी मोठ्या. मग मॅडमनी रेघा मारलेल्या काचेवर रक्त घेऊन हाताने मोजायला घेतलं. एकदा त्यांनी मोजलं, एकदा मी. मी मोजत असताना खोलीत इतकी शांतता होती, की मला मनातला आकडा विसरायची भीती वाटली. दोघींचे आकडे जवळजवळ जुळले. यंत्र सांगत होतं त्याच्या कितीतरी वर. अण्णांचं ऑपरेशन होण्याजोगं.

"अण्णा, या. तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला.

"ती मोठी, जांभळी… ती माझी?"

"तुमचीच. मुक्ताच्या पण अशाच आहेत."

"एवढी मोठी असून यंत्राला दिसली नाही?"

"मोठी म्हणूनच. यंत्राने तिला लाल पेशींत धरलं."

"म्हणजे," अण्णांनी डोळा न काढता म्हटलं, "माझ्या माणसांना दुसऱ्याच्या पंगतीत नेऊन बसवलं आणि मला सांगितलं की तुमच्याकडे जेवायला कोणी आलंच नाही."

मिश्रा मॅडमना मुक्ताने भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. पण मग त्यांनी खुर्ची पुढे ओढून तिखट भाषेत बजावलं. अजून दोन तपासण्या करायच्या, निर्णय सर्जनचाच, त्या स्वतः त्यांच्याशी बोलतील. आणि दाब असाच वर राहिला तर कोणीच हात लावणार नाही, गोळी रोज घ्या. तेव्हा कळलं की अण्णा गोळी पूजा झाल्यावर घेतात आणि पूजा लांबली की विसरतात. एकादशीला तर घेतच नाहीत. काकू म्हणाल्या, "आजपासून उठल्याबरोबर. मी माझ्या तांब्यातलं पाणी देईन." काकूंच्या तांब्यातलं पाणी! अण्णांनी चमकून पाहिलं आणि मान हलवली. ही मान ऐकणाऱ्याची होती.

निघताना

दुसऱ्या दिवशी गल्लीने मला पुन्हा रक्त दिलं. बोलावणं काकूंनी केलं, घरोघरी जाऊन, "चूक माझी झाली" असं स्वतःच सांगत. मास्तर बाही सारत म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? दुसरा हप्ता आलाच." या वेळी डबा माझ्या मांडीवरून हलला नाही.

निघताना काकूंनी आईसाठी कैरीच्या लोणच्याची बरणी दिली. मी म्हटलं, काकू, मिठाचं मी काय सांगितलं होतं? "ब्लडप्रेशरवाल्यांना सांगितलं होतंस. तुझ्या आईला आहे का? नाही ना? मग." आणि जिन्यावरून ओरडून, "आणि ऐक, फ्रिजात नको ठेवू. खराब होतं!"

गंगाजलाच्या तिन्ही बाटल्या भरून आणल्या. चौथीने बाटली परत घेतली होती, तिच्यासाठी मीच एक विकत घेतली.

या सगळ्याला आता दोन महिने होत आले. काशीचं रक्त इथल्या यंत्रांत आहे. अण्णांच्या घराण्यात गुणसूत्रांतलं नेमकं कोणतं अक्षर बदललं, आणि ब्लडप्रेशरवाल्या इतरांच्यात जी थोडी मोठी चीप दिसते तिचा त्याच्याशी काही संबंध आहे का, ते अजून कळलेलं नाही. कळायला वेळ लागेल. दादा विचारतात, "मग, दगड का चीप?" मी सांगते, "तुमचं निम्मं बरोबर निघालं. मोठी झाली तरी चीपच राहते. दगड तिला यंत्र समजतं." दादांना निम्मं चालत नाही, पण गावात सांगताना ते पूर्णच सांगतात, असं आई म्हणते.

मागच्या आठवड्यात सकाळी प्रयोगशाळेत नळ्या लावत होते तेव्हा काकूंचा फोन आला. ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते, टाकेही निघाले होते, हे मुक्ताने कळवलं होतं. रक्त जेवढं यायचं तेवढंच आलं आणि थांबलं.

"काकू, पट्टा?"

"खुंटीला. तू बोलू नको आता, ऐक फक्त. मी फोन धरते."

आधी नुसती खरखर. मग तो आवाज आला. मी त्या घरात पाच दिवस राहिले, पण तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. पोटातून निघालेला, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. त्याच्या मागोमाग दोन-तीन कोवळे आवाज, एकदा, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा त्यातला एक घसरला. मला काही कळत नाही त्यातलं, तरी कळलं.

शेजारच्या टेबलावरून कोणीतरी फोनचा आवाज कमी करायला सांगितलं. मी केला नाही.

तिकडे अण्णा थांबले होते. मग, न रागावता, अख्ख्या आवाजात म्हणाले, "पुन्हा. पहिल्यापासून."